डोळे मिटून चढायचा जिना

सासऱ्यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी देवाचं नाव घेऊन माझ्या जुन्या वह्या काढल्या आणि जिन्याबद्दल लिहिलेली पानं सापडली.

सासरे गवंडी. गल्लीत सगळे त्यांना ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. वाकडं त्यांना खपायचं नाही. ना भिंत, ना बोलणं. मी सून म्हणून आले त्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकाचा ओटा फोडायला घेतला. मी घाबरले, म्हटलं काय चुकलं माझं? तर म्हणाले, “हा तुझ्या सासूच्या उंचीचा होता गं. तू वाकून वाकून कंबर मोडून घेशील.” विटांचा एक थर वाढला. माझी कंबर आजही ताठ आहे.

जिना बांधून झाला की पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला उजव्या हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि चढायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. ज्या पायरीवर थेंब सांडेल ती फोडून पुन्हा करायची.

सत्तराव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तोच हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, आता काम विसरा. तेव्हा आम्ही त्यांच्या नातीसाठी, माझ्या लेकीसाठी, वर खोली बांधत होतो. खोली उभी होती, जिना बाकी होता. ह्यांनी दुसरा गवंडी लावला. सासरे अंगणात खुर्ची टाकून बघत बसायचे. नात रोज परक्याच्या हातच्या जिन्यानं चढणार, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

जिना झाला त्या दिवशी ते म्हणाले, “तेरा पायऱ्या ठीक. खोलीत जायचं शेवटचं पाऊल चुकलंय.”

गवंड्यानं पट्टी लावली. “सात इंच. सगळीकडे सातच. बाबा, तुम्ही आता आराम करा.”

“खोलीत फरशी बसली का?”

“पुढच्या आठवड्यात बसेल.”

“फरशी आणि खालचा सिमेंटचा मसाला धरून दोन इंच. मग शेवटचं पाऊल किती?”

त्यानं डोकं खाजवलं. “नऊ... चालतं हो एवढं.”

“तुला चालतं, पायाला चालत नाही. पाय तेरा वेळा सात शिकतो आणि चौदाव्याला तोंडावर आपटतो. नाक माझ्या नातीचं आहे!”

हे वैतागले. “बाबा, आता काय सगळा जिना पाडायचा?”

“पाडायचा कशाला? ते दोन इंच सगळ्यांत वाटायचे. खालच्या पायरीवर नखाएवढा थर, वर जाऊ तसा जाड. थापी आण माझी.”

“कुठल्या हातानं करणार?”

“देवानं दोन दिलेत.”

मी रोज देवापुढे त्यांचा उजवा हात मागत होते. ते डावा घेऊन कामाला लागले. पहिली पायरी अशी झाली की नात म्हणाली, “आबा, इथं मांजर लोळलं का?”

“लोळलं खरं. उठवतो त्याला.” सगळं खरवडून त्यांनी पुन्हा केलं.

तेरा पायऱ्यांना एकोणीस दिवस लागले. पायऱ्यांना पाणी मारायचं काम माझं. शेवटच्या पायऱ्या तर आरशासारख्या. मग फरशी बसली. गवंडीही बघायला आला.

सासऱ्यांनी पेला मागितला आणि उजवा हात पुढे केला. एव्हाना त्याची बोटं जेमतेम वळायला लागली होती.

“बाबा, डाव्यात घ्या ना,” मी म्हटलं.

“आजवर घेतलाय का?”

पेला कलला, खालीच थोडं पाणी सांडलं.

“हे जमिनीचं. जिन्याच्या नावावर घालू नका,” ते म्हणाले. पेला पुन्हा भरून घेतला, डोळे मिटले आणि निघाले. आम्ही मनात मोजत होतो. बारा. तेरा. चौदावं पाऊल फरशीवर असं पडलं जसं रोजच पडतं. पायऱ्या सगळ्या कोरड्या! वर उभं राहून त्यांनी पेला एका दमात रिकामा केला.

“बघतोस काय? तूही चढ,” गवंड्याला हाक आली.

तो डोळे मिटून चढला. खोलीत पोचला तरी पुढच्या पायरीसाठी पाय उचलून तसाच उभा.

“अरे, टेकव पाय,” सासरे म्हणाले, “संपला माझा जिना.”