मामांनी धुतलेली अकरा पानं

परवा यहदीहमामांनी मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मामांनी लगेच जीभ चावली, हसलेही, पण तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. आज दुपारनंतर तर तो घोर एकट्या मामांपुरताही राहिलेला नाही.

मामा वाळवंटाकाठच्या वदान गावातल्या आमच्या घराण्याच्या ग्रंथखोलीचे राखणदार. लाकडी दातांची चावी बेचाळीस वर्षं त्यांच्या गळ्यात आहे. लग्न केलं नाही. यहदीहनं चावीशीच निकाह लावला, असं बायका म्हणायच्या. सकाळी उंबऱ्यातली वाळू लोटायची, कातडी वेष्टनांवरून फडकं फिरवायचं, कुठे कसर लागली का बघायचं, मग चहाचे तीन पेले. यात कधी खंड पडला नाही. खोलीत साठेक हस्तलिखितं आहेत. त्यातलं एक आमच्या पणजोबांच्या हातचं, वाळवंटातल्या विहिरींचं. पानाला एक विहीर: कुठल्या ताऱ्याच्या रोखानं चालायचं, दोर किती हात लागतो, पाणी गोड की मचूळ. त्याची दुसरी प्रत जगात नाही.

पुढच्या आठवड्यात राजधानीहून माणसं येणार आहेत, पानन् पान कॅमेऱ्यात घ्यायला. मामांना आता नीट दिसत नाही म्हणून पानं मोजायला मी बसले. सतरावं पान कोरं होतं. अठरावंही. कागद शाबूत, कडेला नुसता फिकट तपकिरी ओघळ. अशी अकरा पानं निघाली. आमच्या खोलीत ओल येत नाही. मग एकदम आठवलं.

पोर आजारी पडलं की आमच्याकडे लाकडी पाटीवर कुराणातली आयत लिहितात, ती धुतात आणि ते पाणी पोराला पाजतात. शाई कोळशाची आणि डिंकाची असते. बावीस वर्षांपूर्वी सल्का, माझी लेक, दीड वर्षाची होती. सहा दिवस ताप उतरला नव्हता, अतार शहरातल्या दवाखान्याकडे जाणारी गाडी नव्हती, पाटीचं पाणी देऊन झालं होतं. कॉलेज शिकून आलेली मी मामांच्या दारात जाऊन म्हणाले होते, कालची शाई नको, पणजोबांच्या हातची द्या. मामा आत गेले आणि वाटी घेऊन आले. सल्का बरी झाली. त्या वाटीत काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

"हे तुम्ही धुतलंत?" मी विचारलं.

"तू मागितलंस."

"एक मागितलं होतं, मामा. ही अकरा आहेत."

"गावात काही लपतं का, पोरी? दुसऱ्या पोराची आई दारात आल्यावर तिला काय सांगू? ते फक्त आमच्या पोरीसाठी होतं म्हणून?"

पाठ झाल्याशिवाय एकाही पानाला पाणी लावलं नाही, असंही ते म्हणाले. मग म्हणून दाखवा, मी म्हटलं आणि वही घेतली. त्यांनी डोळे मिटले. दहा विहिरी न अडखळता, चालीवर आल्या. उरली पहिली, सल्काची. तारा आला, वाट आली, दोराशी ते थांबले. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले, पुन्हा दोराशी थांबले. चाळीस हात म्हणाले, मग चौदा. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तेकबर, तूच सांग ना गं."

तेकबर माझी आई.

गावातले वडीलधारे कोरी पानं बघतील तेव्हा चावी काढून घेतील, मलाही बोल लावतील. ते चुकणार नाही. पण आज मी स्वतःच्या कानांनी एक विहीर बुजताना ऐकली, आणि ती मीच मागून पाजली होती.

सल्का लहान असताना मामा तिला मांडीवर घ्यायचे, तिच्या पोटाला बोट लावून काहीतरी चालीत म्हणायचे. तीही बोबडं म्हणायची, शाळेत जाऊ लागली तरी म्हणायची. मला ते मांडीवरचं गाणं वाटायचं. त्यात तारा होता. दोरही होता.

सल्का आता राजधानीत नर्सिंग शिकते आणि गावच्या औषधपाण्याला हसते. गाणं विचारायचं तर ते कुठून आलं आणि तिला कुणी पाजलं, तेही सांगावं लागेल. मग ती विचारेल, "आई, तूसुद्धा?"

सकाळपर्यंत थांबणार होते. पण सकाळी मामा मला कुठल्या नावानं हाक मारतील कोण जाणे. तिची झोपमोड झाली तर होऊ दे, आत्ताच फोन लावते.