सेफ्टी ऑफिसर आणि छातीचं मधलं हाड

"फोटो नॉर्मल आहे ना? मग सोडा याला," सेफ्टी ऑफिसर म्हणाले.

मी कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. तळोज्याच्या एका कारखान्यातून ते हसुरामला घेऊन आले होते. हसुराम फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. ब्रेक लागला नाही, गाडी खांबावर गेली, स्टिअरिंग छातीत बसलं.

चिठ्ठीवर फक्त 'चेस्ट पीए' होतं. म्हणजे छाती बोर्डाला टेकवून सरळ काढलेला फोटो. त्यात फुप्फुसं छान दिसतात. पण छातीचं मधलं हाड, स्टर्नम, मणक्याच्या सावलीत हरवतं. आणि हसुराम नेमका तिथेच हात दाबून उभा होता.

"नाटक करतोय. उद्या फर्स्ट शिफ्टला पाहिजे मला."

"नाटक नाय ओ मॅडम. खोकला आला तरी जीव जातंय."

मी कॅज्युअल्टीत फोन लावला. "सर, स्टर्नमचे दोन व्ह्यू लिहून द्या." डॉक्टरांनी लगेच दिले.

ऑफिसर खोलीतून हलेनात.

"बाहेर थांबा, रेडिएशन आहे."

"मी सेफ्टी ऑफिसर आहे."

"म्हणूनच सांगतेय."

गेले.

हसुरामची उजवी छाती बोर्डाला टेकवली, डावी बाजू थोडी मागे घेतली. इतकं तिरकं केलं की हाड मणक्यापासून बाजूला होतं. मग लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला फोटो. त्यात हात पाठीमागे बांधून छाती पुढे काढायची. हात मागे नेताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बास, दादा. आता श्वास धरा. झालं."

स्क्रीनवर हाड तुटून पायरीसारखं सरकलेलं दिसत होतं.

ऑफिसरांनी आत येऊन वाकून पाहिलं. "आधीच्या फोटोत नव्हतं हे! तुम्ही वाकडं उभं केलंत म्हणून दिसतंय."

"हो. त्याचसाठी वाकडं उभं केलं."

ते तडक ॲडमिन मॅनेजरकडे गेले. पाच मिनिटांत मॅनेजरांचा इंटरकॉम. "मॅडम, कंपनीशी आपलं टाय-अप आहे. जास्तीचे फोटो कशाला काढता?"

"पहिल्या फोटोवर तो उद्या फोर्कलिफ्टवर बसला असता, सर."

पलीकडून फोन ठेवला गेला.

या हाडामागेच हृदय असतं, म्हणून हसुरामचा ईसीजी झाला, तो ॲडमिट झाला, पुढे घरी सक्तीची विश्रांती. हाड नीट जुळलं.

कंपनीने ब्रेक दुरुस्त केला की नाही माहीत नाही. हॉस्पिटल मात्र लगेच बदललं. नव्या ठिकाणी म्हणे एकाच फोटोत काम होतं आणि सगळे नॉर्मल निघतात.

तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला, की फोटो कुठल्या बाजूने काढला एवढं तरी विचारावं.