इंदूताईंच्या पाटीवर काय लिहायचं?

एखाद्या बाईने जिवंतपणी स्वतःच्या हाताने खोडलेली ओळ तिच्या मृत्यूनंतर तिच्याच नावाच्या पाटीवर रंगवायला तुम्ही संमती द्याल का? आमच्या गोखिवऱ्यात सध्या तेच होऊ घातलंय, म्हणून विचारतो. इंदूताईंना जाऊन पाच आठवडे झाले. त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. "दादा, मावशी गेली... चहाचा कप हातात होता," एवढंच तो बोलला. पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की विज्ञानाच्या वर्गाला इंदूताईंचं नाव देणार आणि पाटीवर लिहिणार, 'वसईत अवकाशातलं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या'. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते शब्द खोटे आहेत. मी हे ठामपणे सांगू शकतो, कारण ते शब्द माझे आहेत.

इंदूताई कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेली यंत्रं प्रत्यक्षात चालवून दाखवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर लांबलचक तार ताणली, जुन्या टेपरेकॉर्डरचे भाग जोडून एक यंत्र बनवलं आणि कानाला इअरफोन लावून पहाटे बसायला लागल्या. शेजारी म्हणायचे, परदेशातल्या नातेवाइकांशी बोलत असतील. मी तेव्हा नुकताच कॉलेज संपवून आमच्या विज्ञान मंडळाची पत्रकं लिहीत होतो. घरात लहानपणापासून वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं घडी घालत वाढलो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मला मोठ्या टाइपात दिसायची. ताई काय ऐकतात ते विचारायला गेलो आणि पुढची आठ वर्षं जातच राहिलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खाली आवारात नेलं. तिथे मुलांना बसून फिरायचं लोखंडी चक्र होतं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरची पिंकी बसली होती. "धक्का दे," ताई म्हणाल्या. मी दिला. "आता दर फेरीला ती तुझ्यासमोर आली की नेमका तेव्हाच दे." चार फेऱ्यांत पिंकी किंचाळायला लागली. "आता मधेच, समोरून दे." चक्र गचकलं, पिंकी माझ्यावर ओरडली, "काका, पाडाल ना मला!" ताई हसल्या. मग म्हणाल्या, पृथ्वी हा मोठा लोहचुंबक आहे. तिने पकडून ठेवलेले इलेक्ट्रॉन तिच्याभोवती पट्ट्यांमध्ये गरगरत असतात. तिथे विद्युतभारित कणांचा विरळ वायूही आहे, त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि त्यात लाटा उठतात. लाटेचा ठेका इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी जुळला की ती त्याला दर फेरीला ढकलते. काही इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात की उपग्रहाचं कवच भेदून आतली यंत्रणा जाळतात. काहींची वाट वाकते आणि ते खाली वातावरणात येऊन संपतात. "लाट तीच. एकाला चढवते, दुसऱ्याला पाडते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, ही तर आपल्या चळवळीचीच गोष्ट आहे!" "लगेच घोषणा नको देऊस," त्या म्हणाल्या. "आधी इलेक्ट्रॉन समजून घे."

या लाटा रेडिओच्याच जातीच्या, पण त्यांची कंपनं आपल्या कानाच्या टप्प्यातली असतात. म्हणून साधी तार आणि साधं यंत्र पुरतं. त्यांतल्या एका लाटेचा आवाज पहाटे पाखरं किलबिलावीत तसा, खालून वर चढत जाणारा असतो. तिला कोरस म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनना वेग देण्यात तिचा मोठा हात असावा, असं त्या वर्षांत शास्त्रज्ञ अधिकाधिक म्हणू लागले होते. एका सकाळी सातच्या सुमाराला ताईंनी माझ्या कानात इअरफोन कोंबला. खर्रर्र... आणि त्यातून वर चढत जाणारी शीळ. पुन्हा एक. ताईंचे डोळे पाणावले होते. "कोरस असावा का रे?" त्या म्हणाल्या. 'असावा का' हे शब्द मी ऐकलेच नाहीत. दोन दिवसांत पत्रक छापलं, 'गोखिवऱ्याच्या गच्चीवर अवकाशातलं गाणं!' आणि खाली, 'वसईत अवकाशातलं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या इंदूताई'. स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडवर, भाजीबाजारात वाटलं. शाळेच्या संस्थेने ते वाचून ताईंना शाळेतली एक खोली कायमची द्यायचं कबूल केलं. खोली, टेबल, तारेसाठी उंच खांब. प्रयोगशाळेत आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टेबल पुसलेल्या बाईला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती.

ताईंनी एका शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. आपल्याकडून निघणारी चुंबकीय रेषा थोडीशीच वर जाते आणि दक्षिणेला पुन्हा खाली उतरते, त्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. कोरस इथे ऐकू येणं फार अवघड आहे, आसपासचे आवाज तपासा. मी भडकलो. "मोठ्या संस्थांचा माज आहे हा! गच्चीवरची बाई त्यांना चालत नाही." ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि नोंदवही उघडली. रोजच्या नोंदी होत्या, तारीख, वेळ, आवाज. शुक्रवारी ऐकायची पाळी माझी असायची, ते शुक्रवार मात्र रिकामे. त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बॅटरी उतरली'. पाच शुक्रवार, पाच वेळा. "दर शुक्रवारीच कशी रे उतरते तुझी बॅटरी?" ताई म्हणाल्या. मला कळेना. आवाज आला नाही की यंत्राचाच दोष, असं मी धरून चाललो होतो. ताईंनी गच्चीवरून सातिवलीच्या कारखान्यांकडे बोट दाखवलं. आमच्याकडे शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते.

बिल्डिंगमागे प्लास्टिकचा एक गाळा होता. त्यात जुनी मोटर सकाळी सातच्या सुमाराला सुरू व्हायची आणि मग चालू-बंद होत राहायची. ताई मला घेऊन तडक तिथे गेल्या. मुकादम जनूभाऊ जवळच्याच गावचे. "जनूभाऊ, उद्या जेवणाच्या सुट्टीत मोटर तीनदा चालू-बंद कराल? कधी ते याला सांगायचं नाही." जनूभाऊ हसून लोटपोट. "बाय, तुमचा आकासवाला पाखरू आमच्या गाल्यात हाय होय? अंडी घातली तर आमची पन!" दुसऱ्या दिवशी ताई गाळ्यात घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या, मी गच्चीवर कान लावून. शीळ आली तशा मी घड्याळातल्या तीन वेळा लिहून घेतल्या. त्यांच्या कागदावरही त्याच तीन. मोटर वेग घेताना तिच्या ठिणग्यांचा सूर चढत जायचा. तीच आमची शीळ.

मी त्यांच्या हातापाया पडलो. "ताई, खोली हातात येऊ दे, मग सांगू. खोली मिळाली की खरं काम करता येईल." त्या म्हणाल्या, "त्या खोलीत बसून मी काय मोजू? रोज दार उघडताना मला ती मोटरच ऐकू येणार." पहिल्या पत्रकातली माझी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडून दुसरं पत्रक त्यांनीच लिहिलं. मथळा होता, 'आमची चूक'. जितकी पहिली पत्रकं वाटली होती तितकीच दुसरी वाटली, आणि त्याच ठिकाणी. रिक्षा स्टँडवर एकजण म्हणाला, "काकी, चुकलं म्हणून पत्रक वाटणारे पयल्यांदाच बघितले. इलेक्शनला उभ्या रहा!" खोली गेली. ताई गच्चीवरच राहिल्या. मोटरी, ट्यूबलाइटचे चोक, टीव्ही यांच्या आवाजांची त्यांनी यादी केली, 'कोरस समजू नये असे आवाज', आणि त्या शास्त्रज्ञांना पाठवली. ती ते नव्या विद्यार्थ्यांना देतात, असं त्यांनी कळवलं. त्या दिवशी ताईंनी आम्हा सगळ्यांना शिरा खाऊ घातला. शुक्रवारी, कारखाने गप्प असताना, दूरच्या विजांचे कडकडाट त्या यंत्रात फार स्वच्छ ऐकू यायचे. अवकाशातला कोरस त्यांनी कधीच ऐकला नाही. त्याबद्दल त्यांना तक्रार करतानाही मी ऐकलं नाही.

शोकसभेनंतर मी अध्यक्षांना हे सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "अहो, आता कशाला? कौतुकच तर आहे." मी पुन्हा गेलो, तर म्हणाले, "लोकांना हेच आवडलंय." ते लोक म्हणजे तुम्ही. पाटी अजून रंगाऱ्याकडे गेलेली नाही. या आठवड्यात शाळेच्या कार्यालयात जा आणि तुमच्या सहीने एका ओळीचा अर्ज द्या, की पाटीवर एवढंच लिहावं: 'इंदूताई. यांनी आपली चूक स्वतः शोधली आणि गावभर सांगितली.'