नेम चुकला की मोठं काडतूस

माझा सासरा मर्विन टॉर्गरसन मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यालाही मी आवडत नाही. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे चर्चच्या जेवणात आम्हा दोघांना शेजारीशेजारी कुणी बसवत नाही.

त्याचं आयुष्य सांगायचं तर काडतुसांवरूनच सांगावं लागेल. तरुणपणी त्याच्याकडे बापाची थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची रायफल होती. हरणं, अस्वलं, एल्क, सगळं त्याने तिनेच मारलं आणि घर पोसलं. मग एकदा एक एल्क त्याच्या हातून निसटला. एल्क म्हणजे सांबरासारखं, पण घोड्याएवढं जनावर, समोर उभं, आणि याचा नेम चुकला. दोष अर्थात काडतुसाचा. त्याने त्याहून दांडगी थ्री हंड्रेड मॅग्नम घेतली. पुढे एका शिंगराने त्याला पाडलं, खांद्याचं हाड वाकडं जुळलं आणि रायफलीचा धक्का नेमका त्या हाडावर बसायला लागला. नेम आणखी चुकायला लागले. दोष पुन्हा काडतुसाचा. आणखी मोठी थ्री थर्टी-एट आली.

काडतूस जेवढं मोठं तेवढा धक्का मोठा, आणि धक्का जेवढा मोठा तेवढी भीतीही मोठी. घाबरलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, मग गोळी जाईल तिकडे जाईल. यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्याकडचे पुरुष नेम चुकला की दुकानात जाऊन आणखी मोठं काडतूस घेऊन येतात. ‘मला धक्क्याची भीती वाटते’ असं म्हणण्यापेक्षा ते गुरं चोरल्याचा आळ घेतील.

माझी रायफल सेव्हन एम-एम ओ-एटची. आखूड, मवाळ काडतूस. चांगल्या बांधणीची एकशे चाळीस ग्रेन वजनाची गोळी पुढच्या पायाच्या जरा मागे, फुप्फुसात घातली की हरण असो वा एल्क, काम होतं. आमचा फ्रीजर दर हिवाळ्यात भरलेला असतो. तरी मर्विनचं ठरलेलं असायचं, “काय सूनबाई, निघालात चिमण्या मारायला?”

आता कॅम्पचा कायदा. डोंगरावर आमची शिकारीची लाकडी खोली आहे आणि तिथे मर्विनचं राज्य. जनावर जखमी करून हरवलं, तर परवान्याबरोबर वर्षाला एका जनावरासाठी मिळणारा टॅग कापून टाकायचा, जणू ते मारलंच. त्या वर्षीची शिकार संपली. दुसऱ्यांदा हरवलं तर रायफल दारामागच्या खिळ्याला, कायमची. हा कायदा सरकारचा नाही, मर्विनचा. त्याचा पहिला बळी त्याचाच धाकटा भाऊ ड्वाइट. ड्वाइटचा दुसरा हरवलेला एल्क कावळ्यांनी दाखवला तेव्हा सडायला लागला होता. मर्विनने त्याच्या पोटातून गोळी उकरून काढली, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या हातांतून फिरवली आणि भावाची रायफल स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगली. तेव्हापासून ड्वाइट दर शरदात कॅम्पवर येतो, पण स्वयंपाकाला. एरवी तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर असतो.

गेल्या वर्षी मर्विनने एक एल्क हरवला. बर्फ पडून माग पुसला जाईपर्यंत आम्ही रक्त शोधत फिरलो. म्हणजे आणखी एक हरवला की त्याची रायफल खिळ्याला. हे त्याला माहीत होतं, म्हणून यंदा ऑगस्टमध्येच तो दुकानात गेला. मी तिथेच लोणच्याच्या बरण्यांची झाकणं घेत होते.

“थ्री सेव्हंटी-फाइव्ह दाखव,” मर्विन म्हणाला.

“कुठे, आफ्रिकेला निघालास? हत्ती मारायला?” ड्वाइटने विचारलं.

“तुला इथे विकायला ठेवलंय की शिकवायला?”

“मर्विन, खांदा बघ तुझा. सगळ्याला चालेल असं मवाळ काहीतरी घे. ही जोलीन बघ काय वापरते...”

“बायकांचं काडतूस वापरू? आणि सल्ला कोण देतोय?” मर्विन काउंटरवर वाकला. “तुझी रायफल कुठे असते रे, ड्वाइट?”

ड्वाइटने रायफल आणि काडतुसांचा डबा पुढे ठेवला. माझं डोकं असं फिरलं की झाकणं तिथेच विसरून आले.

पुढच्या रविवारी सगळे खडीच्या खाणीत निशाणं तपासायला जमलो. माणूस धक्क्याला घाबरतो का, हे बघायची आमच्याकडे जुनी रीत आहे. रायफल दुसऱ्याने भरून द्यायची आणि मधेच न सांगता रिकामी द्यायची. मर्विन माझ्या नवऱ्याशी, क्लेटनशी, वाऱ्यावरून हुज्जत घालत बसला होता. मी म्हटलं, “आणा, मी भरून देते.” त्याने न बघताच रायफल माझ्याकडे दिली. मी काडतूस न घालताच बोल्ट लावला.

त्याने चाप ओढला. टिक् एवढाच आवाज झाला. पण डोळे घट्ट मिटले, खांदा उडाला आणि नळी सरळ जमिनीकडे गेली. सगळ्या गावाने पाहिलं. ड्वाइट पाठ फिरवून आपल्या गाडीकडे चालायला लागला.

“रिकामी कुणी दिली?”

“मी.”

“लाज नाही वाटत, भवाने?”

“वाटते ना. तुमची.”

“जोलीन, पुरे,” क्लेटन म्हणाला. त्याच्याशी मी घरी बोलले. मर्विन सामान भरून निघून गेला आणि शिकार सुरू होईपर्यंत आमच्यात एक शब्द नव्हता. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कॅम्पवर जोड्या क्लेटनने लावल्या आणि मला त्याच्या बापाबरोबर धाडलं. “तुम्ही दोघांनी एकमेकांना गोळ्या घातल्या नाहीत तरी मिळवली,” म्हणाला. सकाळी आम्ही उतारावर एका पडलेल्या झाडामागे बसलो होतो. घोट्याएवढं बर्फ होतं. पाइनच्या झाडीतून एक मोठा नर एल्क बाहेर आला आणि बाजू दाखवून उभा राहिला.

मर्विनने रायफल ओंडक्यावर टेकवली. बोट चापावर गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. डोळा आधीच मिटत होता. ही गोळी पोटात जाणार, हे मला दिसत होतं, आणि त्यालाही कळत होतं. एल्क खुराने बर्फ उकरून गवत खात होता. मर्विनने रायफल हळूच बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

खरं सांगू? देऊ नये असंच वाटलं. मारू दे, हरवू दे, टांगू दे खिळ्याला. पण पोटात गोळी बसलेलं जनावर दिवसदिवस तडफडतं, आणि आमच्या भांडणात त्या एल्कचा काय दोष? मी माझी रायफल त्याच्या हातात दिली.

त्याचा डोळा उघडा राहिला. बार झाला, एल्क चार पावलं चालला आणि बसला तो बसलाच.

“कुणाला बोललीस तर बघ,” मर्विन म्हणाला. आभार नाहीत, काही नाही.

कॅम्पवर तर त्याने कहरच केला. “थ्री सेव्हंटी-फाइव्ह! एकच गोळी! काय सूनबाई, बघितलंत ना?” सगळे टेबलाशी बसू देत, मग बोलते, असं मनाशी ठरवलं होतं.

बाहेर क्लेटन एल्क सोलत होता. पलीकडच्या बाजूला कातड्याखाली गोळी सापडली. अशी गोळी सगळ्यांच्या हातांतून फिरते, तो रिवाज आहे. क्लेटनने ती पँटला पुसली, पाहिली आणि पुन्हा उलटून पाहिली. आत येऊन त्याने ती थेट बापाच्या हातात दिली. बापाने खिशात टाकली.

ड्वाइट हातात डाव घेऊन उभा होता. “फिरव की.”

“तू जेवण वाढ.”

“माझी फिरवली होतीस. वास मारत होती, तरी फिरवलीस.”

मर्विनला ती काढून द्यावीच लागली. थ्री सेव्हंटी-फाइव्हची गोळी बोटाएवढी जाड असते. हिचं तोंड पसरलं होतं, पण बूड पेन्सिलीएवढं होतं. ड्वाइटने ती बघितली, मग भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्याने गोळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “रस्सा गार होतोय. बसा.”

मला वाटलं, मर्विन सुटलो म्हणेल. तो लालबुंद झाला. “बोल ना! बोलत का नाहीस? तुझी दया नकोय मला!”

“मी काय बोलणार? मी स्वयंपाकी,” ड्वाइट म्हणाला आणि वाढत राहिला.

मर्विन खुर्ची ढकलून उठला. “हिच्या रायफलीने मारला! झालं समाधान?” तो दारामागे गेला. ड्वाइटची रायफल खिळ्यावरून काढून त्याने ती भावापुढे अशी आदळली की रस्सा सांडला. मग स्वतःची थ्री सेव्हंटी-फाइव्ह त्या खिळ्याला टांगली.

“आणि तू दात काढू नकोस,” तो माझ्यावर खेकसला. “तुझ्या रायफलीचा चाप जड आहे.”

“मग स्वतःची घ्या.”

“घेईन. गोळी किती ग्रेनची होती?”

“एकशे चाळीस.”

तो हूं म्हणाला आणि पुन्हा भावाकडे वळला. “उद्या तू वर जा. भांडी मी घासतो. पण तुझ्याकडे टॅग कुठला असणार?”

ड्वाइट रायफलीवरची धूळ बाहीने पुसत होता.

“आहे की,” तो म्हणाला. “दर वर्षी काढतो.”

मर्विनने ओट्यावरची परात ओढली आणि भांड्यांच्या पाण्यासाठी बर्फ भरायला बाहेर घेऊन गेला. तो बराच वेळ आत आला नाही.