देवाआधीची भाजी

शेणवे गावाच्या पुढे, डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक हायस्कूल आहे. तिथे कुणाली हरड विज्ञान शिकवतात. माहेर मुरबाडचं, सासर आसनगावचं. सकाळी स्कूटीवरून येतात, हेल्मेट काढतात आणि तिथूनच वर्गावर एक नजर टाकतात. हात उगारणं त्यांना ठाऊक नाही, आवाजही चढत नाही. तरी त्या व्हरांड्यात दिसल्या की दहावीची पोरं पालीसारखी भिंतीला चिकटतात. पोरांनी त्यांचं नाव 'लिटमस' ठेवलंय. चेहऱ्याकडे बघितलं की लगेच कळतं, आज आंबट की कडू. हे नाव बाईंना माहीत आहे. माहीत असल्याचं त्यांनी कधी दाखवलेलं नाही.

त्यांची तक्रार एकच, आणि ती डोंगरावरच्या आदिवासी वाडीवरून येणाऱ्या मुलांबद्दल. "प्रयोगवही आणशील?" "आनतो बाई." "उद्या येशील ना?" "येतो बाई." आणि वहीही नाही, पोरगाही नाही. "यांच्या 'हो'ला काडीचा अर्थ नाही," असं त्या शिक्षकखोलीत म्हणत. ऐकणारे चहा ढवळत माना डोलवत.

यंदा शाळा उघडल्या उघडल्या निरोप आला, तपासणीला साहेब येणार. बाईंनी रानभाज्यांचं प्रदर्शन ठरवलं. वाडीच्या मुलांना त्या म्हणाल्या, "रान तुमच्या दारात आहे. पहिल्या पावसात उगवते ती कोळीची भाजी आणा."

"आनतो बाई," सगळी एका सुरात म्हणाली.

"दर वेळी हेच म्हणता. एकदा तरी दिला शब्द पाळा."

हे म्हणताना त्यांची नजर भिमीवर होती. भिमी दहावीतली. वाडीवरची एकही मुलगी आजवर दहावी झालेली नव्हती, आणि ही होईल असं बाईंना वाटत होतं. भिमीलाही वाटू लागलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गावातल्या मुलांनी टाकळा आणला, भारंगी आणली. वाडीची पोरं रिकाम्या हातांनी येऊन मागे उभी राहिली. एकट्या भिमीने सागाच्या पानात गुंडाळलेली कोळी टेबलावर ठेवली. ठेवताना ती बाईंकडे बघत होती आणि वाडीची पोरं तिच्याकडे. त्यातली दोघं तर जागेवरून सरकली.

"बघा. भिमीकडून शिका," बाई म्हणाल्या.

शाळेची खिचडी रांधणाऱ्या गुणाबाईंनी ती भाजी परतली. साहेबांनी खाल्ली, वाखाणली. भिमी हात मागे बांधून उभी.

"खा गं, लाजतेस काय? तूच आणलीस ना?"

भिमीने खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. तिच्या वाडीतला लखमा शेवटच्या बाकावर बसायचा. बाईंनी त्याला उभं केलं.

"भिमी कुठंय?"

"हाय की घरी."

"आजारी आहे?"

"नाय." त्याने बाकाचा कोपरा नखाने खरवडला. "वाडीची पूजा व्हायचीय बाई. देवाला दावल्याबिगर आमी कोळी तोडत नाय. खायाची तर लांबच. तिनं खाल्ली. तिची आय म्हनते, आता शाळा बास."

"अरे, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

लखमा गोंधळला. बाईंना इतकी साधी गोष्ट कशी कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तुमाला नाय कसा म्हनायचा?"

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि धडा पुढे नेला. फळ्यावरची आकृती मात्र त्या दिवशी अर्धीच राहिली.

त्यांच्या माहेरी नव्या भाताची लोंबी दाराला बांधल्याशिवाय नवा तांदूळ चुलीवर चढत नसे. लहानपणी त्यांनी एकदा चोरून मूठभर नवे पोहे खाल्ले होते, तेव्हा आईने दिवसभर अबोला धरला होता. हे सगळं त्यांना आठवलं, पण शाळा सुटल्यावर स्कूटी वाडीखाली लावून चढण चढताना. आधी आठवलं नाही.

भिमीची आजी सावळी अंगणात शेणाने सूप सारवत होती. भिमी बाईंना बघून आत गेली.

"आली का लिटमस?" म्हातारी म्हणाली. आतून भिमीचा दबका आवाज आला, "आजे!"

बाई ओट्यावर टेकल्या. "आजी, पोरीची चूक नाही. मीच आणायला लावली, मीच खायला लावली."

"ठाव हाय. पोरीनं बाईचा ऐकला. बाईनं कोनाचा ऐकला?"

भिमीची आई दारात येऊन उभी राहिली.

"तिला शाळेत पाठवा," बाई म्हणाल्या. "दंड असेल तो माझ्याकडून घ्या."

"दंड कसला?" सावळीने सूप उलटं टेकवलं. "उद्या पूजा हाय. नारळ घेऊन ये. उपाशी ये. तिच्या बाजूला उभी ऱ्हा. मंग आमी बघू."

बाईंनी रजा टाकली. देव म्हणजे उंबराखालचे शेंदूर लावलेले दगड. भगताने कोळीची पानं त्यांच्यापुढे ठेवली, नारळ फोडला. मग शिजलेली भाजी पानापानांवर आली. म्हाताऱ्यांना, पोरांना, भिमीला, आणि सगळ्यांत शेवटी बाईंना. कोणी शिकवलं नाही, कोणी रागावलं नाही. बाई शेवटच्या म्हणून कोणी खोळंबलंही नाही. भाजी खाऊन होईपर्यंत सावळी त्यांच्याकडे बघत होती. मग सुनेला म्हणाली, "दप्तर काढ पोरीचा."

दुसऱ्या दिवशी भिमी शाळेत आली. पहिल्यासारखीच, तिसऱ्या बाकावर.

पुढच्या आठवड्यात बाईंना वाटलं, हे सगळ्या मुलांना कळायला हवं. वर्गात त्या म्हणाल्या, "भिमी, उद्या प्रार्थनेनंतर पुढे येऊन तुमच्या पूजेबद्दल सांगशील?"

"सांगते बा—"

भिमी थांबली. बसली नाही. लखमा वळून तिच्याकडे बघू लागला.

"नाय बाई," ती म्हणाली. "ते नाय सांगनार."

पुढच्या बाकावरची मिताली बाईंचा चेहरा न्याहाळू लागली, आंबट की कडू. तिला काहीच ताडता आलं नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "बस."

आणि खडू घेऊन त्या फळ्याकडे वळल्या.