आल्बिनाचा पपनसाचा जग

भुईगावात आल्बिनाच्या वाडीतली पपनसं पिकली की वास आधी विहिरीवर पोचायचा, मग गल्लीभर फिरायचा. बाई ठेंगणी, बोलायला फटाकडी, आणि पाहुण्यांसाठी पेय करावं तर तिनेच. दारूबंदी यायच्या आधीचे ते दिवस. पपनसाच्या गुलाबी फोडी हाताने कुस्करायच्या, वर लिंबं पिळायची, साखर विरघळवायची, मग ठेचलेलं आलं, वाटलेली हिरवी मिरची, पहिल्या धारेची दारू आणि विहिरीचं गार पाणी. सगळं एका मोठ्या पांढऱ्या एनॅमलच्या जगात. घोट घेतला की आधी जीभ हसायची, मग घसा दचकायचा.

घरच्या रीती दोन. पाहुण्यांचं पेय त्यांच्या आधी कुणी चाखायचं नाही, उष्टं होतं. आणि सोयरिकीला आलेल्या माणसाने आपण होऊन दुसरा पेला मागितला, की होकार समजायचा. ही दुसरी रीत शेजारच्या गास गावच्या क्लेमेंटलाही ठाऊक होती.

क्लेमेंटचा ॲन्सेल्म आणि आल्बिनाची बेला चर्चच्या गायनात उभी राहायची आणि सूर सोडून एकमेकांकडे बघायची. पण क्लेमेंट महा कडक. मुलासाठी आधी पाहिलेल्या घरांतून तो एकेक पेला पिऊन, मिशी पुसून उठला होता. आज चर्चमधली मिस्सा आटोपून तो आल्बिनाकडे येणार होता. बेला सकाळपासून वेणी घालत होती आणि सोडत होती.

आल्बिनाने जगात मिरची घातली, ढवळली, आणि कोंबड्या हाकलायला अंगणात गेली. तेवढ्यात सासू तेरेसाबाय आत आली. "ही आज भांबावलीय, तिखट विसरली असनार," असं पुटपुटत तिने मिरचीचा गोळा सोडला. मागून जाऊ फिलोमिना आली. तिला वाटलं, आल्बिनाचा हात आखडला असेल. तिनेही सोडला. मग बेला आली, क्रूसाची खूण केली आणि चमचाभर घातली. चाखायची सोय कुणालाच नव्हती. आल्बिना परतली, जगाकडे बघत म्हणाली, "घातली का न्हाय मी?" आणि उरलेली सगळी मिरची आत लोटली.

क्लेमेंट ओटीवर ऐसपैस बसला. पेला उचलून एका दमात रिता केला.

कान लाल झाले. मिशी ताठ झाली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"व्याही, बरं हाय ना?" आल्बिनाने विचारलं.

त्याने तोंड उघडून वारा घेतला. पाणी पार विहिरीवर. समोर गार दिसत होता तो जगच. त्याने पेला पुढे केला. "ओत! लवकर ओत!"

"दुसरा मागितला!" दाराआडून फिलोमिना किंचाळली.

"अगं बायांनो, मी जळतोय!"

"जळा की," तेरेसाबाय म्हणाली, "पन होकार दिलात."

आत बेलाने टाळ्या पिटल्या. फिलोमिनाने गिरकी घेतली. आल्बिनाचेही पाय नाचायला उचलले होते, पण ती थांबली. लेक द्यायची ती अशी फसवून कशी द्यायची? "व्याही," ती हळू म्हणाली, "आगीपायी मागितला असंल तर मी धरीत न्हाय. एवढं तिखट कसं काय झालं तेच कळंना. मिरची तर मी घातली तेवढीच."

"मी पन घातली," सासू म्हणाली.

"मी पन," जाऊ म्हणाली.

"मी चमचाभरच," आतून बेला.

क्लेमेंट एकेकीकडे बघत राहिला. आल्बिनाने ओतलेला दुसरा पेला जीभ बधिर करून पोटात उतरला होता. तिथूनच कुठून तरी हसू उठलं, उचकीबरोबर वर आलं, आणि तो कडक माणूस खांबाला धरून गदागदा हसू लागला. हसता हसता त्याने पेला पुन्हा पुढे केला.

"आता आग विझलीय. मग हा तिसरा कशापायी मागतोय, ते तूच सांग!"

आल्बिनाने इतका भरला की पपनसाच्या फोडी ओटीवर सांडल्या.

संध्याकाळी बैलगाडीत चढताना त्याचा पाय दोनदा चुकला. वर बसून तो ओरडला, "लग्नालाही हेच कर, आल्बिना! पन त्या दिशी जगापाशी एकच बाई ठेव!"