ट्रक का तापतो

तारीख बारा फेब्रुवारी, वार गुरुवार, सकाळचे साडेदहा. रक्कम अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि मिस्त्री. जागा भोरच्या बाहेरचं मिस्त्रींचं गॅरेज.

ट्रक माझा, सहाचाकी, एकवीस वर्षं जुना. आम्ही विंझरचे. वेल्ह्याकडच्या गिरण्यांतला तांदूळ आणि भाताचा पेंढा मी बाहेर नेतो, घर त्यावरच चालतं. दिवाळीनंतर ट्रक तापायला लागला होता. भरलेली गाडी चढाला लागली किंवा हायवेला वेग घेतला, की पंधरा-वीस किलोमीटरनंतर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. बाजूला घेऊन इंजिन नुसतं चालू ठेवलं, की दहा मिनिटांत पुन्हा मध्यावर. गाडी उभी असताना वारा लागत नाही, तेव्हा ती जास्त तापायला हवी. आमची उलट निवत होती.

मिस्त्रींनी काही कमी केलं नव्हतं. तीन खेपांत थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर जागेवरच पाणी सोडून धुतला, पंख्याचा पट्टा नवा घातला. सहा हजार तीनशे पन्नास गेले आणि दुखणं होतं तिथेच. आता त्यांचा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या सीलवर होता. त्यासाठी इंजिन खोलायचं, हेड काढून लेथवर न्यायचं, त्याचे अठ्ठेचाळीस हजार. एवढा खर्च करायचा नसेल तर गाडी भंगारात द्या, असंही त्यांनी हळूच सुचवलं होतं.

पैसे बायकोच्या ठेवीतून काढायचे होते. मागच्या खोलीवर पत्रा आहे, तिथे स्लॅब घालायचा म्हणून तिने पाच वर्षं डेअरीला दूध घालून पन्नास हजार जमवले होते. ती ठेव मोडायलाच ती माझ्याबरोबर भोरला आली होती. पण बँकेच्या आधी गॅरेजला चला, म्हणाली.

“पैशे माझे चाललेत, तर मला बघू द्या कुठं तापतंय,” ती मिस्त्रींना म्हणाली.

“वहिनी, उभ्या गाडीला कळत न्हाई. पळवल्यावर तापती.”

“मग उभ्या उभ्या पळवा.”

मिस्त्री हसले. “घोडं हाय व्हय ते?”

“घोडं असतं तर एवढं खाल्लं नसतं,” ती म्हणाली.

तिच्या समाधानासाठी मी केबिनमध्ये चढलो. विंझरहून नुकतेच आलो होतो, इंजिन गरमच होतं. ती आणि मिस्त्री पुढे उघड्या बॉनेटपाशी उभे राहिले. मी चालू केलं आणि अॅक्सिलरेटर दाबून धरला. बॉनेटच्या कडेने मला दोघांची फक्त डोकी दिसत होती. मग तिचं डोकं दिसेनासं झालं. ती खाली वाकली होती.

“अवो, सोडा!” ती ओरडली. मी पाय काढला. “आता परत दाबा. मिस्त्री, हितं खाली बघा, हितं. ही नळी पोट आत घेतीय की!”

मी उतरून गेलो आणि मिस्त्रींना वर पाठवलं. रेडिएटरच्या तळातून पाणी इंजिनाच्या पंपाकडे नेणारी जाड रबरी नळी आहे, ती ही. मिस्त्रींनी वेग वाढवला तशी ती दोन्ही बाजूंनी चेपत गेली आणि रिकाम्या पिशवीसारखी चपटी झाली. त्यांनी पाय काढला की पुन्हा गोल.

बायकोचं माहेर सारोळ्याचं, शेत नीरेच्या काठाला. लग्नाआधी नदीवरची मोटर तीच चालू करायची. ती म्हणाली, “मोटरीच्या वडत्या बाजूला मऊ पाइप लावला तर असाच चिकटतो. पाणी येणार कुठनं? सक्शनला डिलिव्हरीची नळी लावायची अक्कल कुणाची?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, ही कंपनीची न्हाई. आत तारेची स्प्रिंगच न्हाई. कुणी घातली?”

मी घातली होती. दिवाळीच्या आधी मार्गासनीजवळ मूळ नळी चिरली. घरी शेतातल्या मोटरीच्या दोन इंची पाइपाचा तुकडा पडून होता. तो कापून, क्लिपा आवळून मी बसवला. तात्पुरता म्हणून. गळत नव्हता, म्हणून राहिला. थंड असताना तो ताठ असायचा, गरम झाला की मऊ पडून ओढीला चिकटायचा.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मिस्त्रींनी मागे विचारलं होतं, दिवाळीच्या आधीपासून गाडीला काय काय केलंत? मी गाडीच्या खर्चाच्या वहीतून यादी उतरवून दिली होती. पण जिथे पैसे गेले तेवढ्याच ओळी उतरवल्या. वही काढून पाहिली तर माझ्याच अक्षरात होतं: ‘खालची नळी, घरचा तुकडा, खर्च शून्य.’

मी ती ओळ दोघांना वाचून दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता.

“फुकटचा तुकडा अठ्ठेचाळीस हजाराला पडला असता,” मिस्त्री म्हणाले.

“तुमी बी तीनदा बॉनेट उघडलंत,” बायको म्हणाली.

“व्हय वहिनी. वरनंच बघितलं. गळत नव्हती ना.” ते कानाला हात लावून हसले.

तासभर इंजिन निवू दिलं. रेडिएटरमधलं कुलंटचं पाणी घमेल्यात काढून, फडक्याने गाळून ठेवलं, आत तारेची स्प्रिंग असलेली नवी नळी बसवली आणि ते परत भरलं. मग तिघेही केबिनमध्ये बसून कापूरहोळमार्गे सारोळ्याच्या पुलापर्यंत गेलो. हायवेला मी मुद्दाम वेग धरला. काटा मध्याच्या किंचित खाली राहिला. पुलापाशी बायको म्हणाली, “आता आलोच हाय तर आईकडं चहा घेऊ.” जाताना-येताना तिची नजर काट्यावरच होती.

रिकाम्या गाडीवर माझा विश्वास नव्हता. शनिवारी वेल्ह्याहून एकशे दहा पोती भरून निघालो. प्रत्येक चढावर काटा पाहिला, प्रत्येक चढाची नोंद केली. लाल पट्टा दूरच राहिला. ठेव बँकेत आहे. स्लॅबसाठी गवंडी मोजमाप घेऊन गेला आहे, काम मेमध्ये धरायचं ठरलं आहे.

त्या गुरुवारचा खर्च असा: भोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला नळीचे सातशे वीस आणि दोन क्लिपांचे ऐंशी. मिस्त्री मजुरी घेईनात, म्हणून चारशे रुपये त्यांच्या खिशात घातले.